दोष कुळाचा की मज्जातंतूचा?

अहिल्यानगर शहरात सावेडीच्या बाजूस ‘कुष्ठधाम रस्ता’ नावाचा एक रस्ता आहे. आज त्या रस्त्याने विद्यार्थी, नोकरदार, व्यापारी निर्धास्तपणे ये-जा करतात. त्या नावाचा अर्थ त्यांच्यापैकी थोड्यांच्याच मनात येत असेल. परंतु ज्या पिढीने ‘महारोग’ हा शब्द आवाज खाली आणून उच्चारला, त्या पिढीची माणसे आपल्या धर्मग्रामांत अजून आहेत. त्या शब्दाबरोबर दोन वाक्ये नेहमी जोडलेली असत. ‘त्याला शिवू नका’ हे पहिले, आणि ‘त्यांच्या घरात मुलगी देऊ नका’ हे दुसरे. पहिल्या वाक्यात संसर्गाची भीती होती, दुसऱ्यात रक्ताची. लोकांनी दोन्ही आरोप एकाच रोगावर ठेवले आणि त्याची शिक्षा रोग्याबरोबर त्याच्या मुलाबाळांनाही भोगावयास लावली.

वैद्यकशास्त्राचा इतिहास पाहू लागलो की एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. हातपाय लुळे करणारा एक रोग संसर्गाचा होता. त्याला शास्त्रज्ञांनीच अनेक वर्षे वंशाचा ठरविले. त्याच्याशी बाह्यरूपाने साम्य असणारी दुसरी व्याधी खरोखर वंशाची होती. तिला आपल्या खेड्यापाड्यांतून संसर्गाची समजण्यात आले. या दोहोंचा इतिहास शेजारी शेजारी ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दुसऱ्या व्याधीचे रुग्ण आपल्या आसपास आहेत, आणि त्यांना तिचे नावही ठाऊक नसते.

शरीरातील तारा

मेंदू व मज्जारज्जू यांपासून निघून हातापायांच्या टोकांपर्यंत पसरलेल्या तंतूंना परिघीय मज्जातंतू म्हणतात. स्नायूंना आज्ञा पोचविणे आणि त्वचेकडून स्पर्श, वेदना, ऊनगार यांची वार्ता आत नेणे, ही त्यांची दोन मुख्य कामे. कमरेतून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा तंतू सुमारे एक मीटर लांब असतो. जितका तंतू लांब तितका तो राखणे शरीराला कठीण. म्हणून अशा अनेक व्याधींची पहिली चाहूल पायांतच लागते.

विजेच्या तारेवर आवरण असावे तसे पुष्कळशा तंतूंवर मायेलिन नावाचे वेष्टन असते. ते ज्या पेशी विणतात त्यांना श्वॉन पेशी हे नाव आहे. थिओडोर श्वॉन हे जर्मन शास्त्रज्ञ श्रद्धावान कॅथलिक होते. पेशीसिद्धांतावरील त्यांचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते बेल्जियममधील लूव्हाँच्या कॅथलिक विद्यापीठात प्राध्यापक झाले. या पेशीचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे सांगावयाच्या दोन्ही कथा तिच्यापाशी येऊन मिळतात.

वंशाचा नसलेला रोग

एकोणिसाव्या शतकात युरोपात कुष्ठरोगाचा सर्वांत कसून अभ्यास नॉर्वेत झाला. डॉ. डॅनिएलसेन आणि डॉ. बोएक यांनी १८४७ साली या रोगावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच घरात अनेक रुग्ण सापडतात, या निरीक्षणावरून हा रोग आनुवंशिक आहे असे त्यांनी प्रतिपादन केले. डॅनिएलसेन हे निष्ठावान संशोधक होते. रोग्याच्या शरीरातील द्रव्य त्यांनी स्वतःच्या अंगात टोचून घेतले. रोग झाला नाही आणि त्यांचे मत अधिकच दृढ झाले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ साली साम्राज्यभरातील माहिती गोळा करून अहवाल दिला, त्यातही रोग संसर्गाचा नसल्याचेच म्हटले होते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी वापरलेल्या ‘ग्रेज् अॅनाटॉमी’ या ग्रंथातील चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर १८५८ साली मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकविले, नंतर साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून काम केले. कुष्ठरोगात मज्जातंतू कसे बिघडतात याचे बारकाईने वर्णन करणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. पुढे ते नॉर्वेस गेले आणि तेथील नवे संशोधन त्यांनी हिंदुस्थानातील सरकारपुढे मांडले.

हे नवे संशोधन होते डॉ. गेरहार्ड हॅन्सन यांचे. १८७३ च्या फेब्रुवारीत त्यांना रोग्यांच्या गाठींत सूक्ष्म दंडाकृती जंतू आढळले. हॅन्सन हे डॅनिएलसेन यांचेच साहाय्यक आणि जावई. सासऱ्याच्या सिद्धांताला जावयाने सूक्ष्मदर्शकाखाली छेद दिला.

त्याच १८७३ सालच्या मे महिन्यात लूव्हाँजवळच्या त्रेमेलो गावचे एक तरुण धर्मगुरू, फादर दामियन, हवाई बेटांपैकी मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत दाखल झाले. बारा वर्षांच्या आतच त्यांच्या अंगावर रोगाची लक्षणे स्पष्ट झाली आणि १८८९ साली ते निवर्तले. २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. त्यांच्या त्यागाविषयी आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. परंतु त्यांच्या मरणाने विज्ञानापुढेही एक प्रश्न ठेवला, याकडे सहसा लक्ष जात नाही. ज्या देशातून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला होता, तेथील शेतकरी कुटुंबातील निरोगी तरुणाला तो झाला कसा? वंशाच्या सिद्धांताजवळ त्याचे उत्तर नव्हते. त्यांच्या मृत्यूने इंग्लंडात जी खळबळ उडाली, तिच्यातूनच १८९०-९१ चे कुष्ठरोग आयोग हिंदुस्थानात पाठविण्यात आले. हा रोग वंशपरंपरेने येत नाही आणि त्याची संसर्गशक्तीही अल्प आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

निष्कर्ष कागदावर राहिला. १८९८ साली कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा झाला आणि निराधार रोग्यांना आश्रमांत बंद ठेवण्याची सोय सरकारने करून घेतली. अनेक आश्रमांत स्त्रीपुरुषांना एकमेकांपासून वेगळे ठेवीत. जो रोग वंशाचा नाही त्याच्या भीतीने वंश थांबविण्याचा हा प्रकार होता. तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होऊ शकत असे. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातून व इतर विवाह कायद्यांतून ते कारण २०१९ साली वगळण्यात आले. तोपर्यंत बहुविध औषधोपचाराची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचविल्याला जवळजवळ चार दशके लोटली होती.

खरोखर वंशाची व्याधी

दामियन मोलोकाईवर शेवटची वर्षे कंठीत होते, त्याच काळात, १८८६ साली, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील प्रख्यात डॉ. झाँ-मार्तँ शार्को आणि त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी पाच रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे स्नायू पावलांपासून व पोटऱ्यांपासून वाळत जात, पुढे काही वर्षांनी हातही क्षीण होत, आणि ही व्याधी अनेकदा एकाच कुटुंबात आढळे. त्याच वर्षी इंग्लंडात हॉवर्ड हेन्री टूथ यांनी केंब्रिजच्या पदवीसाठी याच व्याधीवर प्रबंध लिहिला. शार्को यांना दोष मज्जारज्जूत असावा असे वाटले. तरुण टूथ यांनी तो परिघीय मज्जातंतूत असल्याचे सांगितले. टूथ यांचे म्हणणे खरे ठरले. तिघांच्या नावांवरून या व्याधीला ‘शार्को-मारी-टूथ’ असे म्हणतात.

व्याधी कुटुंबात येते एवढे त्यांना दिसले. ती कशी येते ते सांगण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. वास्तविक ते साधन एका मठात तयार होऊन पडले होते. ऑगस्टिनियन संघाचे ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्यांवर केलेले प्रयोग १८६६ साली छापून प्रसिद्ध झाले होते. परंतु त्यांचे मोल कोणी ओळखले नाही. १८८४ साली मेंडेल निवर्तले आणि १९०० साली जगाला त्यांचे नियम पुन्हा सापडले. त्या नियमांनी ही व्याधी पाहिली की बहुतेक कुटुंबांचे कोडे उलगडते. आईबापांपैकी एकाकडून आलेले एकच सदोष जनुक पुरेसे असेल, तर प्रत्येक अपत्यास व्याधी येण्याची शक्यता निम्मी असते; मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. काही प्रकारांत दोन्हीकडून सदोष जनुक यावे लागते. तेव्हा आईबाप स्वतः धडधाकट असतात आणि प्रत्येक अपत्याच्या वाट्याला चारांत एक अशी शक्यता येते. क्वचित घरात कोणालाच नसताना दोष नव्यानेही उद्भवतो.

१९६८ साली अमेरिकेतील डॉ. डिक व डॉ. लॅम्बर्ट यांनी मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो हे मोजून व्याधीचे प्रकार पाडले. निरोगी हाताच्या तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे ५० मीटर वा अधिक वेगाने जातो. मायेलिन बिघडलेल्या प्रकारात तो ३८ मीटरच्याही खाली येतो. १९९१ साली मूळ हाती आले. या व्याधीच्या सर्वांत मोठ्या गटातील रुग्णांत सतराव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा एकाऐवजी दोनदा लिहिला गेलेला असतो. त्या तुकड्यात मायेलिनच्या एका प्रथिनाचे जनुक आहे, हे १९९२ मध्ये कळले. १९९३ साली असे दिसले की हाच तुकडा एका गुणसूत्रावर अजिबात नसेल तर निराळीच व्याधी होते. अशा माणसाचे तंतू थोड्याशा दाबाने बधिर होतात. फार वेळ उकिडवे बसून खुरपणी केली, कोपरावर टेकून झोप लागली, तरी पाऊल किंवा हात काही दिवस वा आठवडे लुळा पडतो आणि बहुधा हळूहळू पूर्ववत होतो. आज शंभराहून अधिक जनुकांतील दोषांनी अशा वंशागत व्याधी होतात हे ज्ञात आहे.

येथे दोन्ही कथा एकत्र येतात. कुष्ठरोगाचा जंतू तंतूंत ज्या पेशीत ठाण मांडतो ती श्वॉन पेशी; आणि शार्को-मारी-टूथच्या या मोठ्या गटात जिचे विणकाम बिघडते तीही श्वॉन पेशीच. एका घरात चोर शिरला, दुसऱ्याच्या बांधकामाच्या नकाशातच चूक होती. पण दोन्ही घरे सारखीच खचलेली दिसतात.

आपल्या अंगणात

बाहेरून काय दिसते? मूल शाळेत धावताना वारंवार पडते, पाय मुरगळतो. तळव्याची कमान उंच होते, बोटे आखडतात. चालताना पाऊल खाली लोंबते म्हणून गुडघा उंच उचलावा लागतो. चप्पल पायातून निसटते. पुढे शर्टाचे बटण लावणे, कुलूप उघडणे अवघड होते. कित्येकांच्या कोपराजवळचा तंतू जाड झालेला हाताला लागतो. याच कुळातील काही व्याधींत मुख्यतः वेदनेची जाणीव जाते. तळव्याला जखमा होतात, त्या चिघळतात, बोटे झडतात, आणि रुग्णाला दुखतही नाही. वाकडी बोटे, लोंबते पाऊल, जाड तंतू, न दुखणारी जखम ही चारही चिन्हे गावाने पूर्वीपासून एकाच शब्दाखाली नोंदवून ठेवली आहेत.

फरक मात्र जाणत्या डॉक्टरला दिसतो. कुष्ठरोगात बहुधा त्वचेवर बधिर चट्टा असतो आणि इजा एका बाजूस अधिक, दुसऱ्या बाजूस कमी अशी विखुरलेली असते. वंशागत व्याधीत चट्टा नसतो, दोन्ही पाय जवळजवळ सारखेच आणि वर्षानुवर्षे हळूहळू अशक्त होतात, आणि विचारले तर आजोबांचे, आत्याचे पायही तसेच होते असे निघते. कुष्ठरोगाला आज खात्रीचे औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते; म्हणून संशय असल्यास प्रथम त्याची तपासणी करून घेतलीच पाहिजे. परंतु तो नाही असे ठरल्यावर शोध तेथेच थांबविणे योग्य नव्हे.

नॉर्वेतील १९७४ च्या एका पाहणीवरून शार्को-मारी-टूथचे प्रमाण अडीच हजारांत एक असे सर्वत्र सांगितले जाते. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाख ४३ हजार होती. एका देशाचे प्रमाण दुसऱ्यास जसेच्या तसे लावता येत नाही. तरी ते येथे धरले तर संख्या अठराशेच्या घरात जाते. इतकी माणसे श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर, पाथर्डी येथील वस्त्यांतून राहत असतील तर ती कोठे आहेत? ऊसतोडीला, विटभट्टीला, शेतमजुरीला हातपायच भांडवल असते. ते लुळे पडू लागले की माणूस कामावरून उठतो आणि घराच्या मागल्या खोलीत जातो. आम्ही घरोघरी आशीर्वादासाठी जातो तेव्हा अशा खोलीचे दार पुष्कळदा ओढून घेतलेले असते.

या बाबतीत महाराष्ट्रातील दोन डॉक्टरांचे ऋण मानले पाहिजे. दोघेही पारशी, दोघांचेही नाव नोशिर आणि दोघांचीही कर्मभूमी मुंबईचे जे. जे. रुग्णालय. शल्यविशारद डॉ. नोशिर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. तत्पूर्वी वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते की रोग्याची बोटे जंतू खात नाही. वेदना नाहीशी झाल्याने होणाऱ्या साध्या जखमाच ती खातात. निरोगी स्नायूचा स्नायुबंध वळवून लुळे पाऊल उचलण्याची जी शस्त्रक्रिया कुष्ठरोग्यांच्या सेवेत घडत गेली, तिचा उपयोग वंशागत व्याधीच्या रुग्णांनाही होतो. दुसरे डॉ. नोशिर वाडिया हे मज्जाविकारतज्ज्ञ. १९७१ साली त्यांनी डॉ. स्वामी यांच्यासह नऊ कुटुंबांतील एका वंशागत विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात तोल जातो आणि डोळ्यांची हालचाल मंद होते. तो विकार शार्को-मारी-टूथ नव्हे. परंतु कुटुंबांच्या पिढ्या मांडून रोग ओळखण्याचे काम आपल्याकडे होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले.

नोंदवही आणि लग्न

पिढ्या मांडण्याचे साधन आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहे. स्नानसंस्काराच्या व लग्नाच्या नोंदवह्यांत आईबापांची नावे, गाव, तारीख हे सारे असते. तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढणे कित्येक कुटुंबांना त्यांवरून शक्य होते, आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. अर्थात कोणाच्या घरी कोणती व्याधी आहे हे नोंदवहीतून शोधून गावात सांगणे हा अपराध होय. वंशवृक्ष ज्याचा त्याने काढावा; आपण मागितला तेवढाच आधार द्यावा.

लग्नाच्या बाबतीत ख्रिस्तसभेची कायदेसंहिता काय सांगते हेही स्पष्ट असावे. व्याधी ही लग्नाला अडथळा नाही. सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांचे लग्न मात्र १०९१ व्या कलमानुसार महागुरुस्वामींच्या सवलतीखेरीज होऊ शकत नाही. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जुनी आहे. इरावती कर्वे यांनी आपल्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात तिची चर्चा केली आहे. ज्या प्रकारांत दोन्हीकडून सदोष जनुक यावे लागते, त्यांचा धोका जवळच्या नात्यात वाढतो. पण एकाच बाजूने येणाऱ्या प्रकारांचा नात्यातील लग्नाशी काही संबंध नाही; तेथे ‘नात्यात केले म्हणून असे झाले’ हा दोषारोप निराधार आहे.

आणखी एक कलम आहे, १०९८ वे. सहजीवनात गंभीर बाधा येईल अशी गोष्ट फसवून दडविली आणि त्या बळावर संमती मिळविली, तर ते लग्न अवैध ठरते. म्हणून ‘आधी लग्न उरकू, मग बघू’ ही वडीलधाऱ्यांची युक्ती धोक्याची आहे. सांगून झालेले लग्न टिकते, कारण त्यात दोघांनी डोळे उघडे ठेवून एकमेकांना पत्करलेले असते. सांगण्यासाठी मात्र आधी व्याधीचे नाव ठाऊक असावे लागते. ‘आमच्या घराण्यात काही तरी आहे’ असे म्हटले की ऐकणारा वाटेल ते समजतो. ‘ही मज्जातंतूंची वंशागत व्याधी आहे, स्पर्शाने होत नाही, बहुधा आयुष्य कमी करीत नाही, मुलांना येण्याची शक्यता अमुक आहे’ असे सांगितले की विचार करता येतो.

आजमितीस ही व्याधी मुळापासून बरी करणारे औषध नाही. तशी हमी देणाऱ्यांपासून सावध राहावे. परंतु करण्यासारखे पुष्कळ आहे. पाऊल उचलून धरणारी हलकी पट्टी, योग्य मापाचे पादत्राण, नियमित व्यायाम आणि प्रसंगी शस्त्रक्रिया यांनी माणूस चालता राहतो. पायांची संवेदना कमी असेल त्याने रोज झोपण्यापूर्वी तळवे न्याहाळावेत, अनवाणी फिरू नये, चुलीजवळ व गरम पाण्याशी जपून असावे. घरात ही व्याधी आहे हे कोणत्याही डॉक्टरास आधीच सांगावे. कारण व्हिन्क्रिस्टिनसारखे कर्करोगावरील औषध अशा रुग्णाच्या तंतूंना मोठी इजा करू शकते. तंतूंचा वेग मोजण्याची तपासणी मोठ्या रुग्णालयांत होते. जनुकाची तपासणीही आता भारतात होते. अपंगत्व ठरावीक प्रमाणात असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र व सवलती मिळू शकतात.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते की पाप याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या माणसाकडे वळून त्याच्यासाठी काम केले. आपल्या वस्त्यांत तोच प्रश्न आजही विचारला जातो; फक्त ‘पाप’ याऐवजी ‘कूळ’ हा शब्द वापरतात. येत्या सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेसाठी हरेगावी जाताना ज्याला चालवत नाही त्याला कोणी तरी गाडीत जागा करून देईल, हे आम्हांला ठाऊक आहे. यात्रेहून परतल्यावर त्याच माणसाला रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञाकडे नेण्यासाठीही कोणी तरी एक दिवसाची मजुरी सोडावी, अशी आमची प्रत्येक धर्मग्रामाला विनंती आहे.